देणगीदार सभासदांसाठी सूचना
मेलबर्नमधील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, एका धर्मादाय संस्थेच्या संस्थापिकेच्या आजारपणाविषयी जी शंका घेतली जात आहे, तिची शहानिशा होईपर्यंत त्यांचे नाव किंवा वैद्यकीय कागदपत्रे कोणीही पुढे पाठवू नयेत. मेंदूच्या कर्करोगाचा खोटा दावा करणाऱ्या ऑस्ट्रेलियन आरोग्य-ब्लॉगर बेल गिब्सन यांना २०१७ मध्ये फेडरल न्यायालयाने ४ लाख १० हजार डॉलर दंड केला, पण २०१५ मध्ये ते प्रकरण उघडकीस आले ते त्यांच्या तब्येतीवरून नव्हे, तर कबूल केलेल्या देणग्या संस्थांपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या म्हणून. तेव्हा आजाराची चिकित्सा करण्याऐवजी सभासदांनी संस्थेची नोंदणी धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर तपासावी आणि आपल्या देणग्यांच्या पावत्या रविवारपर्यंत चिटणीसांकडे द्याव्यात.