छाटणीच्या आधी पंपरूममधलं सामान बघा, अध्यक्ष साहेबांना पत्र

प्रति, अध्यक्ष साहेब
विषय: झाडं छाटायच्या सामानाची दुरुस्ती

नमस्कार साहेब, बी विंगमधून लिहितोय. पावसाळ्याआधीची छाटणी पुढच्या आठवड्यात आहे हे बोर्डवर वाचलं, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगीपण वेळेत आली, बरं झालं. पण परवा पंपरूममध्ये गेलो तर आपली चेनसॉ (फांद्या कापायची पेट्रोलवरची करवत) गेल्या जूनमध्ये ठेवली तशीच पडलेली, टाकीत जुनं पेट्रोल, चेनवर भुसा आणि तेलाचा चिकटा.

गेल्या वर्षी गेटजवळच्या गुलमोहर छाटताना काय झालं ते मी खाली उभं राहून बघितलंय. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक मागच्या फांदीला टेकलं, मशीन एकदम वर उसळली आणि माळीकाकांच्या खांद्याजवळून गेली, चेन थांबवणारा ब्रेक लागलाच नाही, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. चेन बोथट होती हो, भुसा पिठासारखा पडत होता, धार असली की जाड कीस पडतो. बोथट चेनला माणूस जोर लावतो, हात भरून येतात आणि मग तोल जातो, शिवाय त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोनच झाडं झाली, मजुरी मात्र पूर्ण गेली.

म्हणून म्हणतो, आधी मशीन मेकॅनिककडे पाठवा. ब्रेक तपासून, कार्बोरेटर साफ करून, चेनचा ताण बघून घ्या, सैल चेन पट्टीवरून निसटते. पेट्रोलमध्ये तेल अंदाजाने ओतू नका, आपल्या मशीनच्या पुस्तकात 50 ला 1 दिलंय म्हणजे लिटरला 20 मिली.

झाडावर चढायच्या दोराचं तर बोलूच नका, वर्षभर गच्चीवर उन्हात होता, पीळ सुटलेत, तो कापूनच टाका म्हणजे कोणी चुकून वापरणार नाही, नवा घ्या आणि चढणाऱ्याच्या बेल्टची शिवणपण बघा. सी विंगकडे वायर झाडातून गेलीय तिथे अ‍ॅल्युमिनियमची शिडी अजिबात लावू देऊ नका, वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय तिकडे कोणी चढायला नको.

कंत्राटदार सामान आणेल असं कमिटीत कोणीतरी म्हणालं, पण मागच्या वेळी त्याची माणसं आपलीच मशीन आणि आपलाच दोर मागून वर चढली होती.

मला रविवारी सकाळी पंपरूमची चावी द्या, कातर आणि कोयत्यांना मी कानस मारून देतो, चेनसॉ तेवढी शनिवारपर्यंत दुकानात जाऊदे.

आपला,
बी विंगमधला एक सभासद