‘अप्रतिम सर’ने फोटो सुधारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारीच्या दिवसांत छायाचित्रकारांचे व्हॉट्सॲप ग्रुप ओसंडून वाहतात. दिवे घाटातली वळणे, रिंगणातला अश्व, डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी. प्रत्येक फोटोखाली ‘अप्रतिम सर’, ‘लाजवाब’, जोडलेले हात आणि अंगठे. गणपतीत हेच, थंडीत भिगवणला रोहित पक्षी उतरले की पुन्हा हेच. मधूनच एखादा जाणकार वैतागून ‘काहीच जमलेलं नाही’ असे लिहितो, दोन दिवस धुसफुस चालते आणि गाडी परत ‘अप्रतिम’वर येते. ज्याने फोटो टाकला त्याच्या हाती दोन्ही वेळा काहीच लागत नाही. आपल्या दैनिकातही वाचकांची छायाचित्रे छापली जातात, म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडत आहे.

फोटोवरची टीका उपयोगी पडायची तर चौकटीत नेमके कुठे बिघडले, ते कशाने बिघडले असावे आणि पुढच्या वेळी काय करावे, एवढे तिच्यात यायला हवे. त्यातले मधले, म्हणजे कारण, बहुतेक वेळा गळते. ‘शार्प नाही’ हा नेहमीचा शेरा घ्या. फोटो धूसर येण्याची निदान चार कारणे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. हात हलला असेल तर चौकटीतले सगळेच, अगदी मागचा दगडसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसते. अशा वेळी शटरचा वेग वाढवायचा, म्हणजे ते कमी वेळ उघडे ठेवायचे. ४०० मिमीची लेन्स दीडपट क्रॉप असलेल्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर हातात धरली असेल तर ४०० च्या दीडपट, म्हणजे १/६०० सेकंदाच्या खाली जाऊ नये, असा जुना हिशेब आहे. फोकस चुकला असेल तर कुठला तरी दुसरा भाग लख्ख असतो: पक्ष्याचा डोळा मऊ आणि त्याच्या पुढचे गवत स्पष्ट. इथे शटर कितीही वाढवले तरी फरक पडत नाही; फोकसचा बिंदू डोळ्यावर ठेवायला हवा. तिसरे, विषयच हलला. अंग स्पष्ट, पंखांची टोके पुसट. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास शटर लागते, आणि लेन्समधले स्टॅबिलायझर आपल्या हाताचे कंप थोपवते, पंखांचे नाही, हे अनेकांना सांगावे लागते. चौथे कारण ऊन चढल्यावर उजनीच्या पाण्यावरून लांबचे फोटो काढणाऱ्यांना छळते. तापलेल्या हवेतून पाहिल्याने कडा थरथरलेल्या दिसतात, एक पक्षी बरा आणि शेजारचा वितळल्यासारखा. यावर दोनच उपाय: पहाटे जाणे किंवा अंतर कमी करणे. हे न सांगता नुसते ‘शार्प नाही’ म्हटले, की तो बिचारा लाखभराची नवी लेन्स घ्यायला निघतो.

उजेडाचेही असेच आहे. ‘जरा ब्राइट हवा होता’ म्हणजे कुठला भाग? कॅमेऱ्याचे मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्याकडे ओढते. पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या यांनीच चौकट भरली की फोटो काळपट येतो. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड आपण वाढवणे-घटवणे) +२/३ ते +१ स्टॉप लागते; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उलट गडद पाण्यात एकटाच पांढरा बगळा असेल तर मीटर पाण्याकडे बघून उजेड वाढवते आणि बगळ्याची पिसे अतिउजेडाने ‘जळून’ सपाट पांढरी होतात. तिथे −२/३ ते −१. जळलेला पांढरा भाग जेपीईजीत परत येत नाही. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत) साधारण स्टॉपभर मिळू शकतो, तोही नशिबाने.

आपल्याकडच्या फोटोंमध्ये एक दोष फार दिसतो आणि त्यावर फारसे कुणी बोट ठेवत नाही. भगव्या पताका आणि गुलाल. पताकेची घडी, कापडाचा पोत काहीच दिसत नाही, नुसता केशरी पट्टा. छायाचित्रकार म्हणतो, हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) तर बरोबर होता. असतोच. कॅमेऱ्यावरचा साधा हिस्टोग्राम एकूण उजळपणा दाखवतो आणि त्यात हिरव्याचे वजन सर्वाधिक असते. लाल रंग आधीच कमाल मर्यादेला जाऊन सपाट झालेला असतो ते त्यात कळत नाही. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवण्याची सोय शोधून ती सुरू ठेवावी, विसर्जन मिरवणुकीत उजेड दोन तृतीयांश स्टॉप कमीच घ्यावा आणि नंतर संगणकावर सगळ्या चित्राचा रंग न वाढवता लाल-केशरीचे सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) थोडे उतरवावे. गुलालात माखलेल्या चेहऱ्यावर नाक-डोळे परत दिसू लागतात.

पण हे सगळे सांगण्याआधी आपण जे पाहतोय ते मूळ चित्र आहे का, हे तपासावे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवले की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उतरते. चोवीस मेगापिक्सेलचे ६००० बाय ४००० चे चित्र पावणेदोन मेगापिक्सेलचे होते, शिवाय दाबले जाते. त्यावरून शार्पनेस किंवा नॉइज (चित्रातले दाणे) यावर बोलणे व्यर्थ. टीका हवी असेल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. शटर, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ही माहितीही तिच्यासोबत शाबूत राहते. मात्र मोबाइलच्या फोटोत स्थळाची नोंदही तशीच जाते, तेव्हा घुबडाची ढोली किंवा घरटे असेल तर ती आधी काढून टाकावी. रंगावर शेरा मारताना आपल्या पडद्याकडेही बघावे. रात्री डोळ्यांना आराम म्हणून पिवळी छटा सुरू असते, काही फोन रंग मुद्दाम भडक दाखवतात. ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत साठवलेले चित्र काही ॲपमध्ये मरगळलेले दिसते, त्यात काढणाऱ्याचा दोष इतकाच की पाठवताना त्याने पडद्यांसाठीची नेहमीची एसआरजीबी पद्धत निवडली नाही.

रचनेवर बोलणे सगळ्यांत सोपे वाटते आणि तिथेच सर्वाधिक ठोकळेबाज शेरे पडतात. ‘रूल ऑफ थर्ड पाळला नाही’, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय त्या रेघांवर ठेवला नाही. हा नियम १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिला, कॅमेरा जन्मायच्या कितीतरी आधी. विठ्ठलमूर्ती चौकटीच्या मधोमध असेल तर तिला डावीकडे सरकवा म्हणणाऱ्याने असे का, ते सांगावे. त्यापेक्षा चित्राच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी: कोपऱ्यात अर्धा हात आलाय का, प्लास्टिकची पिशवी आहे का, मृदंगवाल्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय का. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहावे. त्या आकारात नजर जिथे जाते तिथेच छायाचित्रकाराला ती न्यायची होती का, हा प्रश्न तिसऱ्या भागाच्या रेघांपेक्षा बरेच काही सांगतो.

हेतू न विचारता टीका केली की ती हमखास फसते. रिंगणात धावणाऱ्या अश्वाचे पाय पुसट आहेत. हे मुद्दाम आहे की चुकून? गोठवायचा होता तर १/१६०० हवे होते. गती दाखवायची होती तर १/३० ते १/६० वर कॅमेरा अश्वाबरोबर फिरवायला हवा होता, म्हणजे डोके स्पष्ट राहून मागची गर्दी रेघांची झाली असती. १/२५० वर दोन्ही हुकले. एवढे लिहिले तरी पुढच्या वर्षीच्या वारीपर्यंत पुरणारे काम त्याला मिळते.

आता टीका मागणाऱ्याकडे वळू, कारण अर्धी चूक तिथे असते. बारा फोटो एकदम टाकून ‘कसे वाटले?’ विचारले तर ‘छान’शिवाय काय मिळणार? एकच फोटो टाकावा. सोबत लेन्स, शटर, ॲपर्चर, आयएसओ, किती क्रॉप केले, आणि एक नेमका प्रश्न: ‘मागचा झेंडा लक्ष विचलित करतो का?’ उत्तर आल्यावर लगेच ‘गर्दी फार होती हो’, ‘मागे सरकायला जागाच नव्हती’ असे खुलासे देऊ नयेत. चित्र बघणाऱ्याला गर्दी दिसत नाही, झेंडा दिसतो. सुचवलेला बदल प्रतीवर करून पाहावा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पुन्हा टाकावे. तिघे जण तीन वेगळे उपाय सांगतील, पण तिघांचेही बोट एकाच कोपऱ्याकडे जात असेल तर तो कोपरा बिघडलेला आहे, एवढे धरून चालायला हरकत नाही. उपाय आपला आपण शोधावा. आणि कुणाचा फोटो परस्पर एडिट करून ‘हे बघा, असं हवं होतं’ म्हणून ग्रुपवर टाकू नये. आधी विचारावे.

आपल्याकडे यात मानपानाचा गुंता आहे तो वेगळाच. ॲडमिन, वयाने मोठे, किंवा ६०० मिमीची लेन्स बाळगणारे यांच्या फोटोवर कुणी बोलत नाही. नवख्या पोराला मात्र अरे-तुरे करत चारचौघांत झोडले जाते. बायकांच्या फोटोंना एक तर नुसते गोड कौतुक मिळते, नाही तर न विचारता कॅमेऱ्याच्या प्राथमिक शिकवण्या, त्यांना त्या येत असल्या तरी. काही ग्रुप आठवड्यातून एक दिवस नाव झाकून फोटो ठेवतात. ॲडमिन फोटो गोळा करतो आणि नावे रात्री जाहीर करतो. ही युक्ती चांगली आहे. नाव झाकले की ‘सर’ गळून पडते आणि दोष दिसू लागतात. कौतुकही अधिक खरे होते, कारण ‘कडेचा उजेड चेहऱ्यावर नेमका पडलाय’ असे लिहायला आधी तो बघावा लागतो.

एका बाबतीत मात्र तांत्रिक टीका करूच नये. स्वर्गीय नर्तक पक्ष्याचे घरटे, आजूबाजूच्या डहाळ्या छाटून मोकळे केलेले, आत उघडी पडलेली पिल्ले. त्या पिल्लांवर ऊन येते, कावळ्याला घरटे दिसते. अशा फोटोच्या फोकसवर आणि बोकेवर (मागच्या धूसर पार्श्वभूमीवर) चर्चा करणे म्हणजे त्या छाटणीला दाद देणे होय. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्याच व्याख्येत येते. हे फोटो टाकणाऱ्याला आधी खासगीत, स्पष्ट शब्दांत सांगावे. ऐकले नाही तर ॲडमिनने फोटो काढून टाकावा.

आपल्याला एक विनंती आहे. वाचकांची छायाचित्रे छापताना महिन्यातून एकदा तरी, छायाचित्रकाराची संमती घेऊन, फोटोसोबत आपल्या वृत्तछायाचित्रकाराचा अभिप्राय द्यावा: काय साधले, कुठे हुकले, कशामुळे. खाली शटर, ॲपर्चर, आयएसओ. चाळीस-पन्नास शब्दांची जागा पुरेल. सुरुवात गणेशोत्सवाच्या फोटोंपासून करता येईल, म्हणजे गुलालाचा प्रश्न पहिल्याच अंकात निघेल.

आपला,
एक वाचक, पुणे