ही भिंत कुणाची?

ती. काकांस,
शि. सा. न.

परवा एमएस्सीचा निकाल लागला. पेढे घेऊन वर आले तर तुमच्या दाराला कुलूप. गावी गेलात असं खालच्या वाण्याकडून कळलं. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

बारावीतली ती संध्याकाळ तुम्हाला आठवतही नसेल. मी जिन्यात वही घेऊन रडकुंडीला आले होते. तांब्याची घनता काढायची होती. युनिट सेलच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका ठोकळ्याच्या, चित्रात आठ कोपऱ्यांवर आठ अणू, सहा बाजूंच्या मधोमध सहा. मी आपले मोजले चौदा. घनता आली घनसेंटिमीटरला 31 ग्रॅम! खरी 8.96. ऑस्मियमएवढा जड धातू नाही, तोसुद्धा 22.6च्या पुढे जात नाही. क्लासमध्ये विचारलं तर "सूत्र पाठ कर".

तुमची हयात बांधकामाच्या साइटवर गेलेली, केमिस्ट्रीशी काडीचा संबंध नाही. चित्र पाहून म्हणालात, "ही एकच खोली काढलीय गं. शेजारच्या, वरच्या, खालच्या कुठायत?" मग भिंतीवर थाप मारलीत. "ही भिंत कुणाची? निम्मी आमची, निम्मी शेजाऱ्यांची. आणि कोपऱ्यावर खोल्या किती भिडतात? या मजल्याच्या चार, वरच्या चार." म्हणजे कोपऱ्यातल्या अणूचा आठवाच हिस्सा आपला. आठ कोपऱ्यांचा मिळून एक, सहा भिंतींचे तीन. चार! घनता बरोबर आली आणि मी जिन्यातच ओरडले.

मग मिठाचं चित्र काढलं. त्यात क्लोरिनचे गोळे 14, सोडियमचे 13. "मिठात दोन्ही सारखे असतात ना?" हे तुम्हीच विचारलंत. क्लोरिनचा हिशेब तांब्यासारखाच, चार. सोडियम मात्र बारा कडांवर बसलेले; कडेला चार खोल्या भिडतात, म्हणून तीन. मधला एक पंख्यासारखा, अख्खा आपला. चारास चार.

षटकोनी सेलवर मात्र अडलात. "असल्या खोल्या आम्ही बांधल्या नाहीत बुवा." दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून सांगितलंत, "न्हाणीघरातल्या सहाकोनी लाद्या बघ. एका सांध्याला तीनच भिडतात." तीन खालच्या, तीन वरच्या, म्हणजे कोपऱ्याचा सहावा हिस्सा. बारा कोपऱ्यांचे दोन, वरच्या-खालच्या षटकोनांच्या मधोमधचे दोन निम्मे-निम्मे मिळून एक, आतले अख्खे तीन. सहा. रात्रभर तुम्ही माझ्या गणिताचा विचार करत होतात, याचं मला अजून नवल वाटतं.

पेढे फ्रीजमध्ये ठेवलेत. लवकर या, काकूंनाही आणा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची