शिक्षा कशासाठी झाली, ते आधी विचारा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

रानडुकरे मारायची परवानगी कुणाला द्यावी, यावर आपल्या वाचकांच्या पत्रांत चर्चा चालू आहे. 'कोर्टाने एकदा शिक्षा केलेल्या माणसाच्या हाती बंदूक नको' असे बहुतेकांचे म्हणणे दिसते. मीही कितीतरी वर्षे हेच म्हणत होते. माझा भाऊ शिकाऱ्याच्या गोळीने गेला आहे, त्यामुळे माझे म्हणणे कुणी खोडून काढत नसे. आज मी ते मागे घेते आहे. का, ते लिहिते.

मी कुडाळ तालुक्यातली. निवृत्त शिक्षिका आहे आणि घरची भातशेती बघते. २०१० च्या नोव्हेंबरातली गोष्ट. दादाने भात कापून उडवी (कापलेल्या भाताचा ढीग) रचली होती. डुकरे उडवीत घुसली की एका रात्रीत वर्षाचे पोट जाते, म्हणून तो राखणीला शेतावरच झोपायचा. त्या रात्री व्हाळाकडच्या (ओढ्याकडच्या) बाजूचे कुंपण मोडलेले दिसले म्हणून तो ते नीट करायला गेला. थंडी होती, अंगावर काळे कांबळे होते. कांबळे पांघरून, ओणवा होऊन तो काट्या रोवत होता. शेजारच्या गावातले तिघेजण व्हाळाच्या पलीकडे डुकरासाठी दबा धरून बसले होते. झाडीत काळे काहीतरी हलले आणि एकाने बार काढला.

त्या तिघांनीच दादाला उचलून रस्त्यापर्यंत आणले. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरले नव्हते.

ज्याने बार काढला, त्याच्या बंदुकीचा परवाना पक्का होता. शेतीसंरक्षणाचा, वडिलांपासून चालत आलेला. त्याच्या नावावर पोलिसांकडे साधी तक्रारसुद्धा नव्हती. म्हणजे आपले पत्रलेखक जी अट घालायला सांगताहेत, त्या अटीतून हा माणूस त्या दिवशी सरळ पार झाला असता. डुक्कर मारायची वनखात्याची परवानगी मात्र तिघांपैकी कुणाकडेही नव्हती. बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारायची परवानगी वेगळी, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना आजही ठाऊक नाही. घरात परवान्याची बंदूक आहे म्हणजे डुक्कर मारायला मोकळीक, असेच धरून चालतात. वन्यजीव कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्न हीसुद्धा शिकारच आहे, पण डुक्कर मेलेच नव्हते, त्यामुळे ती बाजू कुणी लावूनच धरली नाही.

खटला चालला तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली. निष्काळजीपणाने मृत्यू. त्याची जास्तीत जास्त शिक्षा तेव्हा दोन वर्षे होती (१ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ती पाच झाली आहे). त्याला एक वर्ष मिळाले. मी त्याला वाईट माणूस म्हणत नाही. माझ्या आईच्या पायावर डोके ठेवून तो रडला होता आणि ते रडणे खोटे नव्हते.

खरी गोष्ट पुढची आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ९ मध्ये लिहिले आहे की, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात ज्याला कैद झाली, त्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षे बंदूक बाळगता येणार नाही. दादाच्या खटल्याच्या निमित्ताने हे कलम मी इतक्या वेळा वाचले की मला पाठ झाले आहे. आता बघा. चोरी केली तर त्यात बसते, कुणाला कोयतीने मारले तर बसते. पण अंधारात न बघता बार काढून माणूस मारला, तर ती हिंसाही नाही आणि अधःपतनही नाही, तो निष्काळजीपणा. तो या कलमात बसत नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने मनावर घेतले तर 'अयोग्य' म्हणून नाकारता येतो, पण ते त्याच्या मर्जीवर. दादावर बार काढणाऱ्याचा परवाना मधली काही वर्षे थांबला होता. गेल्या वर्षी परत मिळाला.

आता दुसऱ्या माणसाबद्दल लिहिते. ते आमच्या वाडीतले, नात्याने माझे चुलत दीर, मी त्यांना भावजी म्हणते. १९९९ साली बांधावरून चुलतभावाशी भांडण झाले आणि भावजींनी कोयती उगारली. दंडावर खोल घाव बसला. भावजी अडीच वर्षे कळंब्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक तेव्हा जमा झाली, ती परत आली नाही. कायद्यातली पाच वर्षे केव्हाच उलटली. पण त्यांनी अर्ज केला की पोलिसांच्या अहवालात जुनी शिक्षा वर येते आणि अर्ज परत येतो. डुकरांच्या बंदोबस्तासाठी गावात नावे काढतात तेव्हाही 'तेका नको, तो जेलात जावन इल्लो' म्हणून त्यांचे नाव कापतात.

पंचक्रोशीत भावजींइतके डुक्कर कुणालाच कळत नाही. चिखलातला खूर बघून नर की मादी, एकटा की कळप, किती वेळापूर्वी गेला, हे ते सांगतात. पिलांची मादी असेल तर तिच्या वाटेला जाऊ देत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा ते विशीतले होते आणि बंदूक त्यांच्याकडे होती. त्यांच्या तोंडचे एक वाक्य मी तेव्हापासून ऐकत आले आहे: 'वळाकल्याशिवाय बार काढूचो नाय. डुकर आज नाय तर उद्या गावतला, माणूस परत गावाचो नाय.' (गावतला म्हणजे सापडेल.) दादा गेल्यावर हे वाक्य मला सहन होत नसे. मग एक दिवस मनात आले, त्या रात्री व्हाळाच्या पलीकडे भावजी बसले असते तर माझा भाऊ आज असता.

ही माझ्या घरातली गोष्ट आहे, तिच्यावरून कायदा करा असे मी म्हणत नाही. पण 'शिक्षा झालेला' हा एकच शिक्का मारला की भावजी बाहेर जातात आणि पुढचा न बघता बार काढणारा आत राहतो, कारण त्याच्या हातून अजून कुणी मेलेले नसते. बंदुकीच्या बाबतीत माणूस सावध आहे की नाही, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

त्या शिक्क्याची मला भीती वाटते, याला आणखीही एक कारण आहे. लग्नानंतरची सहा वर्षे आम्ही सोलापूरला होतो, हे तिथे मिलमध्ये होते आणि मी शाळेत शिकवत असे. सेटलमेंट भागातली मुले माझ्या वर्गात होती. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, ती ही सेटलमेंट. कायदा १९५२ साली गेला, वस्तीचे नाव राहिले. त्या जमातींतल्या फासेपारध्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा धंदा तितर, लावे, ससे फाशात धरण्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो धंदाच गुन्हा झाला. वन्यजीवांसाठी तो कायदा हवाच होता, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण पारध्याच्या पोरावर गुन्हा किती सहज दाखल होतो, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरांत पाहिले आहे. गावात कुठेही चोरी झाली की पहाटे पोलीस त्यांच्याच दारात. सरसकट बंदीचा पहिला फटका कुणाला बसेल, हे मला त्यामुळे सांगावे लागत नाही.

मग कुणालाच नाकारू नये का? नाकारावे, आणि मी तर आजच्या कायद्यापेक्षा कडक आहे. ज्याने फासकी (तारेचा फास) लावली, गावठी बॉम्ब ठेवले, डुकराचे मटण विकले, खवल्या मांजराचा व्यवहार केला आणि ते कोर्टात सिद्ध झाले, त्याला बंदोबस्ताच्या नावाखाली रानात बंदूक घेऊन जाऊ देऊ नये. वन्यजीव कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे ज्या हत्याराने गुन्हा केला त्याचा परवाना कोर्ट रद्द करू शकते आणि पाच वर्षे नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकते. देऊ शकते, द्यायलाच हवा असे नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत आमच्याकडे बिबटेही अडकतात. पोटात तार रुतलेला बिबट्या मी स्वतः बघितला आहे, त्याचा आवाज विसरता येत नाही. असे करणाऱ्याला पाच वर्षांनी परत तीच मुभा कशासाठी? त्याला काम द्यायचे तर दुसरे द्या. २०१६ साली मुलीबरोबर केरळात थेक्कडीला गेले होते. पेरियारच्या जंगलात दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरणाऱ्यांना वनखात्याने १९९० च्या दशकात विश्वासात घेतले, त्यांच्यावरचे खटले काढून घेतले आणि त्यांनाच राखणीला आणि वाटाडे म्हणून लावले. तिथे त्यांच्या ज्ञानाचा मान राखला गेला, पण तो रक्षणासाठी. शिकारीची मुभा ही वेगळी गोष्ट आहे.

बायकोला मारहाण केल्याची शिक्षा ज्याला झाली आहे, त्याच्या घरात तर बंदूक नकोच. पाच वर्षांनी नको, दहा वर्षांनीही नको. डुकरे रात्री येतात, बंदूक चोवीस तास घरात असते, आणि ती बाई त्याच घरात असते. आपल्याकडे आलेल्या एकाही पत्रात हे नाही. सगळी पत्रे पुरुषांची आहेत.

आणि ज्याच्या हातून शिकारीत माणूस मेला, त्याला त्याच कामासाठी पुन्हा परवानगी नसावी. मनाने तो कितीही चांगला असो. बस चालवताना माणूस मेला तर चालकाचे पोट त्या बसवर असते, तिथे विचार करावा लागतो. डुक्कर मारणे हे कुणाचे पोट नाही. त्याच्या शेताचा बंदोबस्त दुसरा कोणीही करून देऊ शकतो.

वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकारी 'कोणत्याही व्यक्तीला' लेखी परवानगी देऊ शकतो. कारण लिहायचे ते जनावराविषयी. ती व्यक्ती कोण, तिने आजवर बंदूक कशी वापरली, हे त्या कलमात विचारलेले नाही. माझी मागणी इतकीच आहे की अर्जात हे विचारले जावे: शिक्षा कोणत्या कलमाखाली, किती वर्षांपूर्वी, हत्यार कोणते होते, आणि ज्याला इजा झाली त्याचे किंवा त्याच्या घरच्यांचे म्हणणे काय. भावजींच्या गेल्या अर्जावर त्या चुलतभावाची सही आहे, ज्याच्या दंडावर आजही व्रण दिसतो. माझे म्हणणे मात्र परवाना परत देताना कुणी विचारले नाही. मला ते एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत कळले.

भावजींना मी एकदा तोंडावर विचारले होते, 'त्या दिवशी तुमच्या हातात कोयतीऐवजी बंदूक असती तर?' ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'म्हणानच सांगतंय, बंदूक माज्या घरात नको. ठाण्यात ऱ्हवांदे.' निवडणूक आली की आमच्या जिल्ह्यात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, डुकरे शेतात असली तरी. मग ज्याच्यावर जुना गुन्हा आहे त्याची बंदूक बारा महिने ठाण्यात आणि परवानगीच्या रात्रीपुरतीच हातात, अशी अट घालायला काय हरकत आहे? ही सूचना माझी नाही, त्यांची आहे.

यंदा आमच्या आणि शेजारच्या गावाने मिळून बंदोबस्तासाठी नावांची यादी केली आहे. दादावर ज्याच्या बंदुकीचा बार गेला, त्याचे नाव तिच्यात दुसरे आहे. भावजींचे नाव नाही. गावातल्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायला यादी घेऊन पोरे माझ्याकडे आली होती. 'बाई, तुमची सही ऱ्हवली' म्हणाली. ती मी केली नाही, आणि का केली नाही हे त्यांना सांगताना माझा आवाज फुटेना, म्हणून हे पत्र लिहिले. भात पोटरीला आले आहे. काल रात्री खालच्या दोन कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) डुकरे येऊन गेली. भावजी मांगराच्या (शेतावरच्या खोपटाच्या) पायरीवर पत्र्याचा डबा घेऊन बसले होते, पहाटेपर्यंत डबा वाजताना मला ऐकू येत होता.

आपली,
एक शेतकरी व निवृत्त शिक्षिका
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. कृपया छापू नये.)