हवालदारकाका, शर्टाची लाइन शिकवल्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय हवालदारकाका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नातवंडांकडे राहायला गेलात त्या दिवशी हार-नारळ झाला, फोटो झाले, पण गर्दीत नीट बोलता आलं नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते सोलापुरात कुठल्याही गेटवर ड्युटी करणाऱ्या बाईच्या कामाचं आहे.

तुम्हाला ठाऊक आहेच, मी आधी विड्या वळायचे. मांडीवर सूप, शेजारी पानांची चळत, आणि अंगावर कायम साडी. दवाखान्याच्या गेटवर नोकरी लागली तेव्हा शर्ट-पँट जन्मात पहिल्यांदा घातली. आमच्यातल्या बहुतेकींचं तसंच. एजन्सीनं जो ड्रेस दिला तो पुरुषांच्या मापाचा होता. खांदे उतरलेले, पोटापाशी फुगा, पँटच्या कमरेला चुण्या. बटनपट्टी एकीकडे, बकल दुसरीकडे, आणि हात वर केला की शर्ट बाहेर. कुणी काही बोलत नव्हतं. बोलणार तरी कसं? कमरेपाशी काय नीट करायचं हे पुरुषमाणसानं बाईला सांगायचं कसं, आणि आम्ही विचारायचं कुणाला?

तुम्ही ते किती अदबीनं केलंत, हे मला आधी सांगायचं आहे. आमच्यापैकी कुणाकडे बोट दाखवलं नाहीत. चेंजिंग रूमबाहेरच्या टेबलावर चादर अंथरलीत, त्यावर इस्त्रीचा शर्ट ठेवलात, त्याच्याखाली पँट आणि मध्ये बेल्ट, जणू माणूस झोपलाय. मग रिळाचा दोरा काढलात, एका टोकाला बटन बांधलंत आणि शर्टाच्या कॉलरपासून खाली सोडलात. "ताई, गवंडी ओळंबा लावतो ना, तसं बघायचं," म्हणालात. शर्टाच्या पट्टीची कड, बकलची कड आणि पँटच्या चेनवरच्या पट्टीची कड, तिन्ही त्या दोऱ्याखाली आल्या पाहिजेत. हीच ती लाइन.

मला वाटायचं बटनं बरोबर पोटाच्या मध्यावर आली की झालं. तुम्ही दाखवलंत की जुळवायची ती कड. पुरुषी शर्टात डावी बाजू उजवीवर येते, त्यामुळे पट्टीची कड आपल्या उजव्या हाताला पडते. पँटची पट्टीही तशीच, डावी उजवीवर. म्हणून बकलचीसुद्धा आपल्या उजव्या हाताकडची कड धरायची आणि बेल्टचं टोक डावीकडे जाऊ द्यायचं. बटनं जरा डावीकडे सरकलेली दिसली तरी चालतील, कड मोडता कामा नये. माझ्या मुलीनं नंतर मोबाइलवर शोधून दाखवलं, अमेरिकेच्या सैन्यातसुद्धा ही रेष अशीच तपासतात आणि तिला गिग लाइन म्हणतात. सोरेगावच्या राखीव पोलीस गटात तुम्ही नोकरी केलीत, तिथल्या परेडला हे रोजचंच असणार. आमच्यासाठी मात्र ते अगदी नवीन होतं.

आणि मग शिंप्याकडचा तो दिवस! सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल असं बाहेरच्यांना वाटतं, पण इथे घराघरांत, गाळ्यागाळ्यांत गणवेश शिवले जातात. 2017 साली तर इथे खास गणवेशांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशा गावात आम्ही मात्र मापाबाहेरचे शर्ट घालून उभ्या होतो, हे तुम्हाला सहन होत नव्हतं. अशोक चौकाकडच्या तुमच्या ओळखीच्या मास्तरांकडे तुम्ही आम्हाला नेलंत. त्यांनी सरळ लेडीज शर्टाचं कापायला घेतलं, उजवी बाजू वर, डावी खाली. तुम्ही तिथेच थांबवलंत. कड उलट्या बाजूला गेली तर पँटच्या पट्टीशी कधीच जुळणार नाही, दोन बोटांचा फरक कायम राहील. मास्तरांनी मान डोलावली. मग ठरलं, छाती, कंबर, खांदा बाईच्या मापाचा, पण बटनपट्टी पुरुषी शर्टासारखी. बाकी पँटला कमरेला आत घेतलं, लूप वाढवले. शर्टाची लांबी मात्र तुम्ही मुद्दाम जास्त ठेवायला लावलीत. कमरेखाली वीतभर कापड आत राहिलं तरच गेटचा आडवा दांडा उचलताना शर्ट निसटत नाही. माप देताना तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलात, माप मास्तरांच्या सुनेनं घेतलं. हेसुद्धा मी विसरलेले नाही.

घालायची रीत तुम्ही स्वतःच्या अंगावर दाखवलीत. शर्टाची सगळी बटनं लावून घ्यायची, मग पँट वर घेऊन चेन आणि हूक लावायचं, बेल्ट सैल ठेवायचा. पाय जरा फाकवून उभं राहायचं म्हणजे पँट घसरत नाही. दोन्ही बगलांच्या शिवणीपाशी जादा कापड चिमटीत धरायचं, मागे दुमडून सपाट घडी करायची आणि ती घडी तशीच पँटच्या आत दाबायची. पुढचा भाग आपोआप ताणला जातो, फुगा जातो. ही घडी मला लगेच जमली. ओलसर पान बोटांच्या पेरांनी दुमडून तोंड बंद करायची सवय हातात होतीच, इथे फक्त पानाच्या जागी टेरीकॉट आलं. तुम्ही बघितलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "विडी वळणारा हात आहे, बघा कसा चालतो." त्या कामाला कुणी चारचौघांत असं मान देऊन बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

घडी झाल्यावर लाइन, आणि बेल्ट आवळायचा सगळ्यात शेवटी. आधी आवळला की शर्ट अडकतो आणि मग ओढाओढीत सगळं वाकडं होतं.

सोलापूरचा उन्हाळा हा याचा खरा शत्रू. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की पाठ भिजते, कापड अंगाला चिकटतं आणि पट्टी नकळत फिरते. कुंभारीहून बसमध्ये उभी राहून आले तरी गेटवर पोचेपर्यंत बकल सरकलेलं असतं. त्यावरही तुम्ही उपाय दिलात. खुर्चीवरून उठलं की उजव्या हाताचा अंगठा शर्टाच्या कडेवरून खाली बकलपर्यंत फिरवायचा. खाली बघायचं नाही, आरसा शोधायचा नाही. अंगठ्याला पायरी लागली तर बकल सरकलं आहे, एका झटक्यात जागेवर आणायचं. आता हे हात आपोआप करतो. पितळी बकलवर बोटांचे डाग पडतात म्हणून कडेला धरायचं, हेही तुमचंच.

रात्रपाळीला पेशंटचे नातेवाईक घाबरलेले, चिडलेले येतात. पूर्वी मला बाजूला सारून आत जायचे. आता थांबतात, ऐकतात, "मॅडम, आयसीयू कुठे?" असं विचारतात. यात माझा आवाजही वाढलेला नाही आणि पगारही. मी नीट उभी असते, आणि मला ते माहीत असतं. माझ्या मते हा फरक बाहेरच्यांच्या डोळ्यांइतकाच माझ्या पाठीच्या कण्यात झाला आहे.

पैसे विचारले तर तुम्ही रागावलात. शेवटी शेंगाचटणीचा डबा तेवढा घेतलात, तोही काकूंच्या आग्रहानं. काकूंनाही माझा नमस्कार सांगा. गेटवरच्या सगळ्याजणींकडून तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

या महिन्यात चार नवीन बायका आल्या आहेत, दोघी कुंभारीच्याच. त्यांचे शर्ट मास्तरांकडे टाकले आहेत, बटनपट्टी तुम्ही सांगितलेल्या बाजूनं. टेबल, चादर आणि दोरा मी काढून ठेवला आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलात तर एकदा गेटवर या. त्यांची लाइन तुम्ही स्वतः तपासावी अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे.

तुमची,
दवाखान्याच्या गेटवरची ताई
सोलापूर