सकाळी साडेदहाला सिनेमा बघायला कोण येणार? सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

२०२५ मध्ये ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावी थांबलेला मुंबईचा तरुण, त्याच्या लग्नाची घाई झालेले नातेवाईक आणि गावातला जुना मित्र, एवढीच त्याची गोष्ट. मराठीची मान उंचावली, अभिनंदनं झाली. पण असे सिनेमे आमच्यापर्यंत पोचतात कसे, ते सांगायला हे पत्र.

सोलापुरात ते आलेच तर एखाद्या आठवड्यापुरते. दिवसाला एकच खेळ, तोही सकाळी साडेदहाला. त्या वेळी यंत्रमागावरचा माणूस पाळीत असतो आणि विडी कामगार बाई वळलेल्या विड्या मोजून द्यायला कारखान्यात. कॉलेजची पोरं तेवढी येऊ शकतात. एकदा आम्ही चौघंच होतो, तर खिडकीवरच्या मुलाने पैसे परत केले: “दहा तिकिटं तरी जायला पाहिजेत, साहेब.” त्याचं काय चुकलं? शुक्रवारी नव्या खेळांची यादी निघते, “सोलापूरला प्रेक्षक नाही” असा निकाल लागतो, आणि पुढचा सिनेमा पुण्याच्या अलीकडे येतच नाही.

प्रेक्षक नाही, हे मला पटत नाही. ‘फँड्री’चे नागराज मंजुळे याच जिल्ह्यातल्या जेऊरचे. अशा सिनेमांतला परकेपणा म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. शहराच्या पूर्व भागात बाप तेलुगूत हाक मारतो, पोरगं मराठीत ओ देतं. पलीकडच्या पेठेत स्वयंपाकघर कानडी बोलतं. गिरण्या बंद पडल्या, पोरं पुण्याला गेली; तिथे तोंड उघडलं की विचारतात, “तुम्ही मूळचे कुठले?” पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात काढलेल्या माणसाने यावर काय सांगायचं? (जाता जाता: अनुदान मराठी चित्रपटाला मिळतं. या घरातली माणसं पडद्यावर घरच्यासारखी बोलली, तर तो सिनेमा कुठल्या रकान्यात बसवणार, तेही बघा.)

मागणी साधी आहे. नवी इमारत नको, कोनशिला तर नकोच. महापालिकेचं हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह आहेच. महिन्यातून दोन संध्याकाळी ते नाममात्र भाड्यात अशा सिनेमांसाठी राखून ठेवा. चांगला प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा आपल्या चित्रपट महामंडळाने द्यावी. केरळ सरकारच्या महामंडळाची तर स्वतःची थिएटरं आहेत. तिरुवनंतपुरमचं कैरली-श्री त्यातलंच. आम्ही तेवढंही मागत नाही.

फुकट दाखवू नका. पन्नास रुपये तिकीट ठेवा. फुकटच्या कार्यक्रमाला पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी अडवल्या जातात, हा इथला अनुभव आहे. खेळ संध्याकाळी सातनंतरचा आणि शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवा. वर्षभर हे करून बघा. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर बंद करा. आम्ही तक्रार करणार नाही.

आपला,
एक सोलापूरकर प्रेक्षक