बाई, तुम्ही माझं ध्रुवपद काढून घेतलंत

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

गोदावरीच्या पुरावरचा आमचा गायनाचा प्रयोग होऊन आठ दिवस झाले. त्या रात्री विंगेत मी तुमचा हात धरला, तर तुम्ही म्हणालात, "आधी जेवून घे, सकाळपासून उपाशी आहेस." बोलायचं होतं ते सगळं राहूनच गेलं. आज चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण पुराची चाल मला सुचली म्हणून जो तो माझं कौतुक करतोय. मला आधी जे सुचलं होतं ते चुकीचं होतं. ते कुठे चुकतंय हे तुम्ही दाखवलंत, हे लोकांना कळायला हवं.

आमच्या संहितेत विषय गोदावरीच्या पुराचा. १९६९ चा महापूर नाशिकच्या घराघरात अजून सांगितला जातो. पाणी किती चढलं हे आपण मीटरमध्ये सांगत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, असं सांगतो. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. लेखकाने हेच धरून पस्तीस मिनिटांचं दीर्घकाव्य लिहिलं होतं. एक बाई रात्रभर घाटावर उभी आहे, नवरा पलीकडच्या काठावर अडकला आहे, आणि पाणी चढतंय. मला ते सगळं गाऊन घ्यायचं होतं, मध्ये एकही संवाद न ठेवता.

मी काय केलं? जे येत होतं ते केलं. सुरुवातीच्या दोन ओळींचं ध्रुवपद बांधलं, छान गुणगुणता येईल असं. पुढच्या प्रत्येक भागाचा अंतरा, आणि अंतरा संपला की कोरस पुन्हा ध्रुवपदावर. जुलैमधल्या त्या तालमीला तुम्ही सहज म्हणून आला होतात, कोरसमधल्या तुमच्या नातीला न्यायला. खुर्चीवर बसून सगळं ऐकलंत. मी विचारल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "अगं, पाणी छातीला आलं की तू त्याला परत पहिल्या पायरीवर नेऊन ठेवतेस. पूर असा उतरतो का?"

मला राग आला होता, बाई. ध्रुवपदाशिवाय लोक घरी काय घेऊन जाणार, असं मी तावातावाने म्हणाले. तुम्ही वाद घातला नाहीत, रविवारी दुपारी शरणपूरला घरी बोलावलंत.

ती दुपार मी विसरणार नाही. तुमची ती जुनी पायपेटी, तिच्या उजव्या पायट्याचा पट्टा तुटलेला आणि तुम्ही तो सुतळीने बांधलेला. तुम्ही आधी चर्चमधल्या उपासनेचं एक गीत वाजवलंत. सहा कडवी, सहाही एकाच चालीत. "चाळीस वर्षं मी हेच वाजवलं," तुम्ही म्हणालात, "आणि ते बरोबरच आहे. मंडळीला एकत्र गायचं असतं. चाल ठरलेली हवी, म्हणजे मागच्या बाकावरचा म्हाताराही सूर धरू शकतो." जात्यावरच्या ओवीचं तरी काय वेगळं? शब्द बदलतात, चाल जात्याबरोबर फिरत राहते.

मग तुम्ही जर्मन कवी गटेची कविता सांगितलीत. आपल्या शाकुंतलावर कविता लिहिणारा तोच गटे. रात्री वादळात एक बाप पोराला छातीशी धरून घोड्यावरून निघाला आहे. पोराला भुतांचा राजा दिसतो, तो त्याला गोड बोलून बोलावतो. बाप म्हणतो, ते धुकं आहे. बाप म्हणतो, तो पानांचा आवाज आहे. घरी पोहोचतो तेव्हा पोर हातात मेलेलं असतं. ही कविता १७८२ साली एका संगीतिकेत पहिल्यांदा गायली गेली तेव्हा आठही कडव्यांना एकच साधी चाल होती, लोकगीतासारखी. १८१५ मध्ये अठरा वर्षांच्या शूबर्ट या संगीतकाराने ती पुन्हा बांधली, आणि कडव्यांची चाल मोडून टाकली. प्रत्येक कडव्याला नवं संगीत, गोष्ट जाईल तसं. जर्मन लोक याला 'डुर्शकोम्पोनिअर्ट' म्हणतात. तुम्ही त्याचं मराठी केलंत, 'आरपार बांधलेलं'. मला जर्मनपेक्षा तेच आवडलं.

पियानोवर उजव्या हाताने एका मात्रेत तीन-तीन ठोके न थांबता वाजवायचे असतात, तीच घोड्याची टाप. पायपेटीवर ते जमणं शक्य नाही, म्हणून तुम्ही झाकण बंद केलंत आणि त्यावर बोटांच्या पेरांनी टाप धरलीत, आणि तोंडाने एकटीने चारही आवाज म्हटलेत: सांगणारा, खर्जातला बाप, वरच्या सुरातलं पोर, आणि गोड गोड बोलणारा तो राजा. तुमची बोटं सांधेदुखीने वाकली आहेत हे मला माहीत आहे. तरी टाप एकदाही चुकली नाही. शेवटी ती थांबली. तुम्ही शेवटची ओळ जवळजवळ बोललात, गायली नाहीत, आणि 'मेलं होतं' या शब्दांआधी इतका वेळ गप्प राहिलात की मला रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज ऐकू आला.

मग तुम्ही विचारलंत, "यात काही परत आलं का?" मी म्हणाले, नाही. "नीट ऐक. टाप जवळजवळ सबंध गाण्यात आहे. आणि पोर तीनदा 'बाबा, बाबा' करतं. सूर तोच, पण दर वेळी वर सरकलेला." तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला वाटत होतं, ध्रुवपद काढलं की हातात नुसता विस्कळीतपणा उरेल. पण धागा ठेवता येतो. मागे फिरायचं नाही, एवढंच.

तेव्हापासून मला सगळीकडे हेच दिसू लागलं. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा ओवी, साकी, दिंडी, कटाव असा वृत्तं बदलत पुढे पुढे जातो, कारण गोष्ट मागे वळत नाही. आपलं संगीत नाटक मात्र पदांवर उभं राहिलं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या शाकुंतलापासून पद संपलं की टाळी, टाळीनंतर वन्स मोअर, आणि तोवर दुष्यंत जागच्या जागी उभा. मला ते सुख हवंच आहे, त्यावर तर मी वाढले. गीतरामायणात 'पराधीन आहे जगती' हे ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येतं आणि दर वेळी जास्त खरं वाटतं, कारण राम भरताला समजावतो आहे, आणि त्याचा शब्द बदलणार नाही आहे. आमच्या घाटावरच्या बाईला मात्र समजावणारं कुणी नाही. तिच्या तोंडी ध्रुवपद घालणं म्हणजे खोटा दिलासा देणं होतं.

तुम्ही दिलेलं दुसरं रेकॉर्डिंग मी रात्री दिवा मालवून ऐकलं. जर्मन संगीतकार वाग्नरची संगीतिका, 'ऱ्हाइनगोल्ड'. नदीच्या तळापासून सुरू होतं, १३६ आवर्तनं म्हणावीत इतका वेळ एकच स्वरमेळ फुगत जातो, पाणी वाढावं तसा. पुढे सुमारे अडीच तास चार प्रवेश, मध्यंतर नाही, टाळीला जागा नाही. म्युनिकला त्याचा पहिला प्रयोग १८६९ साली झाला, आपल्या महापुराच्या बरोबर शंभर वर्षं आधी. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो मनापासून आवडला.

मग मी सगळं मोडलं. तानपुरा काढून टाकला, कारण आता षड्जच हलणार होता. घाटावरची बाई तीनदा विचारते, "पाणी कुठवर आलं?" पहिल्यांदा पेटीच्या काळी एकच्या सुरात, मग पांढरी दोन, मग काळी दोन. चालीचं तेवढंच तोंड परत येतं, तेही अर्ध्या सुराने चढून. बाकी एकही भाग दुसऱ्यांदा नाही. पखवाजाची एक दबकी थाप सुरुवातीपासून चालू, शूबर्टच्या घोड्याची आठवण म्हणून.

पण पोरांना पाठ होईना! पस्तीस मिनिटं, आणि आधाराला परत यायची जागाच नाही. ऑगस्टमध्ये दोघं जण सोडून जायच्या गोष्टी करू लागले. तेव्हा तुम्ही सलग पाच मंगळवार आलात, गुडघा दुखत असताना दोन जिने चढून. "शेवटून पाठ करा," तुम्ही म्हणालात. आधी शेवटचा तुकडा, मग त्याच्या आधीचा जोडून पुन्हा शेवटपर्यंत. म्हणजे गाताना माणूस दर वेळी अनोळखीकडून ओळखीच्या प्रदेशात जातो. तिसऱ्या मंगळवारी कोरस पहिल्यांदा न अडखळता घंटेपर्यंत पोहोचला आणि तुमची नात रडायला लागली. ते सोडून जाणारे दोघंही राहिले.

परशुराम साईखेडकर नाट्यगृहात त्या रात्री थाप थांबली, ती बाई शेवटची ओळ बोलली, आणि घंटेचा एकच टोल पडला. कुणी टाळी वाजवली नाही. मी विंगेतून तिसऱ्या रांगेत तुम्हाला शोधत होते. तुमचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि बोटं अजून थाप धरून होती.

तुमची शूबर्टची स्वरलेखनाची वही माझ्याकडेच आहे, खाकी कव्हर घातलंय, एक पान सुटलं होतं ते चिकटवलंय. आणि बाई, पायपेटीचा पट्टा मिळाला. भद्रकालीत एकाने जुन्या मापाचा चामड्याचा करून दिला. रविवारी उपासनेनंतर घेऊन येते. सुतळी आता काढूया.

तुमची,
कोरसला सूर देणारी